निळ्यात न दिसणारा ठिपका

आधार बिऱ्हाडे हे नाव नाटकाच्या कुठल्याही जाहिरातीत कधी छापून आलं नाही. तरीही खानदेशातल्या कितीतरी गावांनी जे राजे पाहिले, ज्या राण्यांसाठी डोळे पुसले आणि ज्या दुष्ट दिवाणाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते सगळे लोकांना दिसले ते आधारमुळे. आधार उजेड पाडायचा. फिरत्या नाटक कंपनीत विंगेतल्या स्टुलावर बसून त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. समोर उजेड कमी-जास्त करायची डिमरची पेटी, शेजारी पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेत रंगीत जिलेटिनचे कागद, पानवाला पानं जपतो तसे ओल्या फडक्याने पुसून ठेवलेले.

दरबाराला पिवळा, जंगलाला हिरवा, खुनाला तांबडा आणि विरहाला निळा. आधारच्या निळ्याची ख्याती अशी होती की त्या उजेडात नटीने नुसता पदर सावरला तरी बायकांच्या बाजूने हुंदका यायचा. एकदा मात्र घोटाळा झाला. चाळीसगावच्या मुक्कामात कंपनीच्या नायिकेने हौसेने नवी लालभडक साडी नेसली आणि विरहाच्या प्रवेशाला उभी राहिली. आधारने सवयीने निळा टाकला. निळ्या उजेडात लाल रंग काळा पडतो. बाईंचा चेहरा तेवढा तरंगत राहिला, खालचं सगळं अंधारात विरघळलं. पडदा पडताच बाई विंगेत धावून आल्या.

"आधारभाऊ, मला विरहिणी करायचं होतं की कोळशाची वखार?"

बाजाच्या पेटीवर बसलेला हिलाल हसून हसून लोळला. हिलाल धुळ्याकडचा, जिभेवर अहिराणी आणि बोटांत सूर. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही तठेच शेत ना! आधारना उजेडले दिसतस नही, इतलंच!" म्हणजे बाई तिथेच होत्या, आधारच्या उजेडाला तेवढ्या दिसत नव्हत्या.

ही गोष्ट आधारने घरी येऊन बायकोला, कुंदाबाईला, सांगितली. तिच्या मांडीवरच्या लेकीने, शिल्पाने, ती ऐकली. पुढे कितीतरी वर्षं ती पोरगी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची, "पण बाई तिथंच होत्या ना, बाबा?"

कंपनी दिवाळीनंतर निघायची आणि आभाळ भरून येईपर्यंत परतायची नाही. पहूरच्या घरात मायलेकी दोघीच. दिवेलागणीला पोरगी विचारायची, "बाबा आज कुठं?" आणि कुंदाबाई भाकरी थापता थापता गावाचं नाव सांगायची. साक्री. पारोळा. शिरपूर. नाव खरं असेल, नसेलही. तिला तरी कुठे ठाऊक असायचं? पण गावाचं नाव कानावर पडल्याशिवाय शिल्पा जेवायला बसत नसे.

मग दिवस पालटले. कंपनीचा तंबू एकदा उतरला तो उतरलाच. आधार गावात लग्नाच्या मांडवांना रोषणाई करू लागला, घेवरचंदशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखे दुरुस्त करू लागला. शिल्पा जळगावला शिकली, तिथून पुण्याला गेली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, मी आकाशगंगांवर संशोधन करणार." आधारला फार काही कळलं नाही. पण पोरगी उजेडाच्या धंद्यात आली एवढं त्याने ओळखलं आणि त्या दिवशी दुकानात ज्याला त्याला आपल्या पदरचा चहा पाजला.

कुंदाबाई लेकीची डॉक्टरेट पाहायला उरली नाही. आणि डॉक्टरेट हातात आली त्याच वर्षी आधारला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला. डावा हात मात्र खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा लोंबत राहिला. शिल्पा "थोड्या दिवसांसाठी" म्हणून आली. धुळ्याच्या एका कॉलेजात तासांवर शिकवण्याचं काम मिळालं, ते तिने धरलं. आठवडाभर धुळे, रविवारी पहूर. थोड्या दिवसांची वर्षं कशी झाली ते दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही.

आधारला कळत होतं. पोरगी भात वाढताना हसायची, गोळ्या घेतल्या की नाही बघायची, पण अंगणात उभी राहून वर बघेनाशी झाली होती. नटाने आरशात बघणं सोडलं की आधार ओळखायचा, ह्याने मनातून कंपनी सोडली. हिला परत तिच्या जागी पाठवावं, ही एकच इच्छा घेऊन तो सकाळी उठायचा. आणि रविवार उजाडला की स्टँडवर जाऊन जळगावच्या गाडीची वाट बघायचा. दोन्ही ओढी एकाच छातीत. कोणती सोडावी ते कळेना.

अशात एका रविवारी शिल्पा आली ती पिशवी टाकून थेट त्याच्या खाटेवर बसली. मांडीवर लॅपटॉप उघडला. डोळ्यांत तेज. किती दिवसांनी!

"बाबा, तुमच्या कामाचं दाखवते. हा आभाळाचा एवढासा तुकडा. मोठमोठ्या दुर्बिणींनी अख्खं आभाळ तुकड्या-तुकड्याने टिपून ठेवलंय. एकदा निळ्या उजेडात, एकदा हिरव्या, एकदा तांबड्या, आणि मग तांबड्याच्या पलीकडच्या, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडांत. कुणी डोंगरावरून टिपलं, कुणी उपग्रहावरून. ती चित्रं कुणालाही बघायला मोकळी असतात. मी धुळ्याच्या खोलीत बसून तीच बघते."

"म्हणजे सीन तोच, जिलेटिन बदलायचं."

"बरोबर तेच. आता हे निळ्यातलं चित्र. इथं मधे काय दिसतं?"

"काही नाही."

"हिरव्यात?"

"काही नाही गं."

"तांबड्यात?"

आधारने चष्मा वर सारला, खाली आणला. "कुठं काय?"

"आता हे बघा, तांबड्याच्या पलीकडचं."

आणि ठिपका दिसला. रांगोळीतून सांडलेल्या कणाएवढा. इतका वेळ जिथे काळोख होता, बरोबर तिथे.

"लाल साडीवाली बाई," आधार पुटपुटला.

"हो!" शिल्पा लहान असताना हसायची तशी हसली. "जितकं दूरचं, तितका त्याचा निळा उजेड वाटेतच हरवतो. उरलेला ताणत ताणत तांबड्याच्याही पलीकडे जातो. त्यामुळे अतिशय दूरच्या आकाशगंगा निळ्यात दिसतच नाहीत. ही तशी असेल तर बाबा, हिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यसुद्धा नव्हता."

"असेल तर?"

मग तिने पुढचं सांगितलं. पुण्याच्या तिच्या मॅडमनी, डॉक्टरेटच्या मार्गदर्शकांनी, हे चित्र पाहिलं होतं. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीतून ह्या ठिपक्याचा उजेड रंगारंगांत फोडून तपासणार होते. ती आकाशगंगाच निघाली, तर शिल्पाला मॅडमच्या गटात तीन वर्षांसाठी थेट जागा होती.

"आणि नाही निघाली तर?"

"तर चार लोकांसारखं निवडीला बसायचं. इतकी वर्षं बाहेर राहून मला कोण घेणार?" तिने लॅपटॉप मिटला. "पण निघेल, बाबा."

त्यानंतरचे दिवस आधार चालत नव्हता, तरंगत होता. तिने सांगितलं होतं, कुणाला बोलू नका. त्यानेही ठरवलं होतं, बोलायचं नाही. पण कंपनीत जन्म गेलेल्या माणसाच्या पोटात, खेळ लागणार असताना, जाहिरात राहते का? तो घेवरचंदच्या दुकानात बल्ब घ्यायला गेला आणि शेठने नेमकं विचारलं, "आधारभाऊ, आज काय चेहऱ्यावर हॅलोजन?"

"काही नाही शेठ. आमच्या शिल्पानं... जाऊ द्या."

"लगीन जमलं?"

"छे हो. तिनं आकाशगंगा शोधली. जगातली सगळ्यात लांबची."

घेवरचंद काउंटरवरून उठून बाहेर आले. "आपल्या पहूरच्या पोरीनं? आणि तुम्ही चाळीस वॅटचा बल्ब मागता? अहो, गाव उजळा!"

"अजून पक्कं व्हायचंय, शेठ."

"होईल की! लेक कुणाची आहे?"

ह्या शेवटच्या वाक्याने आधारचा घात केला. त्याने नको म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पुढच्या रविवारी शिल्पा गाडीतून उतरली तर स्टँडसमोर तिचाच चेहरा, खाटेएवढा. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि मागे कुणीतरी घातलेली जांभळी चक्री. खाली अक्षरं: सर्वात दूरची आकाशगंगा शोधणारी पहूरची सुकन्या. सत्कार आज दुपारी चार वाजता, बुद्धविहार सभागृह. सौजन्य घेवरचंद.

ती घरी आली तेव्हा आधार दारातच उभा होता. धुतलेला सदरा, केसांना तेल.

"हे कुणी लावलं, बाबा?"

"घेवरचंदशेठनं."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

आत हिलाल पेटी पुसत बसला होता. सत्काराला सूर धरायला तो खास धुळ्याहून आला होता. दोघांचे चेहरे बघून त्याने पेटीचा भाता हळूच बंद केला आणि तो परसात निघून गेला.

शिल्पा उंबऱ्यावरच बसली. "परवा मॅडमचा फोन आला. ती आकाशगंगा नाही. तारा आहे. आपल्या जवळचा, अगदी थंड, नीट न पेटलेला. असे तारेही निळ्यात दिसत नाहीत. त्यांच्यात निळा उजेड मुळातच नसतो."

आधारने दाराची चौकट धरली.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. आता तिला कुणाशी तरी बोलायचंच होतं. "दोन दुर्बिणींची चित्रं होती, मधे बऱ्याच वर्षांचं अंतर. एकावर एक ठेवली तेव्हा ठिपका केसभर सरकलेला दिसला. मी म्हटलं, दुर्बिणी वेगळ्या, चित्रं नीट बसली नसतील. म्हणून मीच एक चित्र केसभर सरकवलं आणि ठिपक्यावर ठिपका बसवला. आकाशगंगा हललेली कधी दिसत नाही, बाबा, ती फार लांब असते. हलताना दिसतं ते जवळचं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सांगते मी हे. आणि मीच..." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला ते लांबचंच हवं होतं."

परसातली कोंबडी दारापर्यंत येऊन परत गेली.

"मी पुढच्या गाडीनं जाते. तुम्ही सांगा त्यांना, पोरगी आजारी आहे म्हणून."

"जा," आधार म्हणाला. मग तिच्याजवळ खाली बसला, उजव्या हाताचा टेकू घेत, कण्हत. "जवळचं म्हणजे किती जवळ गं?"

"काय फरक पडतो?"

"सांग की."

"साधारण सत्तर वर्षांत उजेड पोचतो इथं."

आधारने मनाशी हिशोब केला. "म्हणजे माझी आय मला पाळण्यात टाकत होती, तेव्हा निघाला असंल."

"थोडं मागंपुढं."

"आणि आता पोचला. तुझ्याकडं." तो जरा वेळ मान हलवत राहिला. "पुण्याला निवड कधी आहे?"

"बाबा, आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच. दुसरं कुठून आणणार? फ्लेक्सवरचं तर त्याहून वाईट आहे."

तिला हसू आलं आणि हसण्याबरोबर डोळेही भरून आले. आधारने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "तुझी इच्छा नसंल तर मी एकटा जातो. लोकांना खरं ते सांगतो. पण मला बोलता येत नाही, शिल्पा. जन्मभर दुसऱ्यावर उजेड टाकला, स्वतः कधी त्यात उभा राहिलो नाही. तू बोललीस तर उजेड मी बघतो. एका हातानं जमंल."

चार वाजता सभागृह भरलं. सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष. घेवरचंदशेठनी प्रास्ताविक सुरू केलं ते चंद्रावरून मंगळावर गेलं आणि तिथून त्यांच्या दुकानातल्या एलईडी दिव्यांवर उतरलं. शेवटी हिलालनेच पेटीवर एक लांब सूर धरून त्यांना थांबवलं. "शेठ, आते पोरले बोलू द्या!"

शिल्पा उभी राहिली. "जय भीम," म्हणाली आणि पुढचं वाक्य तिला सुचेना. तेवढ्यात खिडक्या मिटल्या, दिवे गेले. आधारने पत्र्याची ट्रंक उघडली होती. कित्येक वर्षांनी.

सभागृहाच्या पार टोकाला त्याने मोठा हॅलोजन ठेवला होता, तोंडावर तांबड्या कागदाच्या घड्या. समोरच्या रांगेत बसलेल्या शेजारच्या पोरीच्या, रूपाच्या, हातात टॉर्चचा बारका बल्ब दिला होता, त्यालाही तांबडा कागद. पुढच्या दारात शिल्पा. तिच्या जागेवरून दोन्ही सारखेच मिणमिणत होते. तिने एकेका म्हाताऱ्याला, बाईला, पोराला आपल्या जागी बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे निळा कागद धरला.

"काही दिसतं?"

"नाही बा. दोन्ही गेले."

"आता सांगा, लांबचा कोणता, जवळचा कोणता?"

सभागृहात वाद पेटला. पैज लावायच्या बेतात काही जण आले. मग आधार अंधारातून म्हणाला, "रूपा, ऊठ माय, चार पावलं चाल." एक दिवा सरकू लागला, दुसरा जागीच. कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं, आणि तोच शब्द धरून शिल्पाने सगळं सांगून टाकलं: मी शोधलेला ठिपका हा रूपाच्या हातातला दिवा निघाला. तो चालत होता, मला दिसतही होतं. पण मला वाटलं, माझीच मान हलली असेल.

आधारने डिमरवरचा हात काढला नाही. कितीतरी खेळ पडताना त्याने विंगेतून पाहिले होते. खेळ पडताना लोक आधी असेच गप्प होतात.

मग घेवरचंद म्हणाले, "म्हणजे फ्लेक्सवर 'दूरची' खोडून 'जवळची' लिहायचं का?"

हशा उसळला. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं पोरी, तो तारा आधी कुणाला ठाऊक होता का?"

"नाही, आजी."

"मग हार घाला तिला! आपल्याच आळीतला, आणि कुणाला पत्ता नव्हता, तो सापडला. लांबचे पाहुणे काय, येतात नि जातात."

हार घालताना आधारने तिच्यावर पिवळा उजेड टाकला, दरबारातला. उजेड जिथून येत होता तिकडे तिने पाहिलं. त्या उजेडातून पलीकडचा आधार तिला दिसणं शक्य नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तरी ती त्याच्याकडेच बघत राहिली.

दिवस मावळताना दोघं स्टँडवर आले. सकाळी तिला धुळ्याला तास होते. फ्लेक्सच्या एका कोपऱ्याची दोरी सुटली होती आणि शिल्पाचा चेहरा वाऱ्याने फुगत होता.

"ठिपके अजून बरेच आहेत, बाबा," ती म्हणाली. "निळ्यात न दिसणारे. आता हललेले आधी बाजूला काढीन."

"धुळ्यात बसून?"

तिने गाडी यायच्या रस्त्याकडे पाहिलं. "निवडीला बसते. घेतील की नाही माहीत नाही."

"बस."

"आणि घेतलं तर? तीन वर्षं. मग रविवार?"

ह्या प्रश्नाची तालीम आधारने किती वेळा केली होती! उत्तर पाठ होतं. पण ऐन वेळी त्याचं वाक्य हरवलं, आणि वाक्य आठवून द्यायला विंगेत कुणी नव्हतं. तो नुसता म्हणाला, "तुझी आय तुला काय सांगायची, मी कुठं आहे विचारलंस की?"

"गावाचं नाव."

"तू पण सांगत जा. दिवेलागणीला. एवढंच."

गाडी आली. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला, त्याचा निर्जीव डावा हात उचलून आपल्या गालाला लावला आणि ती चढली. खिडकीतून तिने काहीतरी सांगितलं, गोळ्यांचंच असणार; इंजिनाच्या आवाजात ते गेलं.

गाडी जळगावच्या रस्त्याला लागली. मागचा लाल दिवा लहान होत गेला. आधारच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेला निळा कागद तसाच राहिला होता. त्याने तो काढला, दातांनी उलगडला आणि डोळ्यांपुढे धरला. लाल दिवा गेला. रस्ता रिकामा.

त्याने कागद खाली घेतला. दिवा होता. हलत होता.

पुन्हा त्याने कागद वर धरला नाही. वळण येईपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि वळणानंतरही जरा वेळ. मग घराकडे निघाला. दिवेलागण झाली होती. फोन खिशात होता, आणि चालता चालता त्याचा उजवा हात दर थोड्या वेळाने तिकडेच जात होता.